रिकाम्या जमिनीचा नकाशा

पुरातत्त्वज्ञाच्या नकाशावर जिथे काही सापडले तिथे ठिपका असतो. रस्ता, कालवा किंवा औद्योगिक वसाहत आखणाऱ्याला मात्र जिथे काही सापडण्याची शक्यता नाही अशी जमीन हवी असते, आणि ती ठिपक्यांच्या नकाशावर कोठेच दाखवलेली नसते. दोन ठिपक्यांमधल्या कोऱ्या कागदाचे दोन अर्थ संभवतात. तिथे शोध घेतला गेला आणि काही मिळाले नाही, हा एक. तिथे अजून कोणी गेलेलेच नाही, हा दुसरा. हे दोन्ही अर्थ एकाच कोऱ्या रंगात मिसळलेले असतील तर त्या नकाशाच्या आधारे जमीन निवडणे म्हणजे अज्ञानालाच पुरावा मानणे होय. अवशेष नसण्याची शक्यता जास्त असलेली जमीन ओळखणे हे त्यामुळे अवशेष शोधण्याइतकेच, किंबहुना थोडे अधिकच, शिस्तीचे काम ठरते, आणि खानदेशासारख्या प्रदेशात ते किती अवघड होते हे या प्रकरणात पाहायचे आहे.

खानदेश हा शब्द येथे जळगाव आणि धुळे या जिल्ह्यांसाठी वापरला आहे, मात्र 1 जुलै 1998 पर्यंत आजचा नंदुरबार जिल्हाही धुळ्याचाच भाग असल्याने जुन्या उत्खनन अहवालांत 'धुळे जिल्हा' म्हणून नोंदलेली कित्येक स्थळे आता नंदुरबारमध्ये मोडतात, हे वाचकाने ध्यानात ठेवलेले बरे. या पट्ट्यात जमिनीची मागणी झपाट्याने वाढते आहे. दिल्ली-मुंबई औद्योगिक पट्ट्याच्या आराखड्यात धुळे-नरडाणा परिसराचा समावेश आहे; साक्री तालुक्यात शिवाजीनगर येथे महानिर्मितीचा 125 मेगावॅटचा सौरप्रकल्प उभा आहे, त्याच तालुक्यातील ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्यांच्या रांगा आहेत; आणि 2024 च्या सप्टेंबरमध्ये मंजुरी मिळालेला, 309 किलोमीटर लांबीचा मनमाड-इंदूर रेल्वेमार्ग धुळे जिल्ह्यातूनच जाणार आहे. सूरत-नागपूर आणि मुंबई-आग्रा हे महामार्ग धुळ्यात एकमेकांना छेदतात, ही गोष्ट तर फार जुनी झाली.

या भूमीची घडण समजून घेतल्याशिवाय तिच्यात काय असेल आणि काय नसेल याचा अंदाज बांधता येत नाही. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याचे आणि सातमाळ्याचे डोंगर, आणि या दोहोंमधल्या खचदरीतून, म्हणजे भूकवचाला पडलेल्या भेगांमुळे खाली बसलेल्या लांबट पट्ट्यातून, पश्चिमेकडे वाहणारी तापी, असा हा साधा दिसणारा आराखडा आहे. तापीच्या दोन्ही बाजूंना साचलेला गाळ काही ठिकाणी शंभर मीटरांहूनही खोल जातो. नदीने नंतर याच गाळात आपले पात्र खोल कापून घेतल्यामुळे तिचे काठ उंच, उभे आणि घळींनी कोरलेले आहेत. रावेर-यावलच्या बाजूला सातपुड्याच्या पायथ्याशी डोंगरातून वाहून आलेल्या दगडगोट्यांचा जाड पट्टा पसरलेला आहे, ज्याला भूशास्त्रात बझाडा म्हणतात आणि ज्यात पावसाचे पाणी झटकन मुरते. धुळे-नंदुरबारकडे गेल्यावर जमीन पुन्हा बदलते: तेथे बेसाल्टच्या थरांना उभ्या चिरा पाडून त्यांत थिजलेल्या लाव्हाच्या भिंती, म्हणजे डाइक, लांबच लांब कण्यांसारख्या उभ्या आहेत आणि त्यांच्यामधल्या जमिनीवर माती बेताचीच आहे.

अशा प्रदेशात माणूस कोठे राहिला याची माहिती प्रामुख्याने गेल्या सत्तर वर्षांतील कामातून मिळालेली आहे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या म. न. देशपांडे यांनी चाळीसगाव तालुक्यात गिरणेकाठच्या बहाळ येथे आणि समोरच्या तीरावरील टेकवाडे येथे 1950 च्या दशकात उत्खनन केले. त्याच दशकात, 1954-55 मध्ये, बा. कृ. थापर यांनी तापी-गोमाईच्या संगमावरील प्रकाशे येथे खोदकाम केले आणि ताम्रपाषाणयुगापासून, म्हणजे तांबे व दगड यांची हत्यारे एकत्र वापरली जात होती त्या काळापासून, साधारण इसवी सनाच्या अकराव्या शतकापर्यंतच्या वस्तीचे चार टप्पे उलगडले. तापीकाठच्या सावळदा या गावावरून ओळखल्या जाणाऱ्या सावळदा संस्कृतीचा काळ इसवी सनपूर्व तिसऱ्या सहस्रकाच्या अखेरीस धरला जातो, आणि तिची मोठी वस्ती साक्री तालुक्यातील कावठे येथे डेक्कन कॉलेजच्या म. के. ढवळीकर, वसंत शिंदे आणि शुभांगना अत्रे यांनी उजेडात आणली. शिंदे यांनी पुढे मध्य तापी खोऱ्यातील ताम्रपाषाणयुगीन वसाहतींचा स्वतंत्र अभ्यास केला आणि त्यातून एक ठळक चित्र पुढे आले: या वस्त्या बहुतांशी तापीच्या उपनद्यांच्या काठी, काळ्या मातीच्या लगत, पण पुराच्या पाण्यापासून उंचावर आहेत.

हे चित्र खानदेशातील शेतकऱ्याला परके नाही. मराठी मुलखात गावाची जमीन पिढ्यान्‌पिढ्या काळी आणि पांढरी अशा दोन भागांत ओळखली जाते. काळी पिकाची, पांढरी वस्तीची. माणसे शतकानुशतके एकाच जागी राहिली की चुलीची राख, पडलेल्या भिंतींची माती, शेण, हाडे आणि चुना यांनी जमीन फिकट व भुसभुशीत होते, आणि गाव उठून गेले तरी ती पांढर शिल्लक राहते. ही माती खत म्हणून शेतात टाकण्यासाठी आणि धाब्याच्या घरांच्या छपरावर पसरण्यासाठी गाड्या भरभरून नेली गेली, ज्यामुळे कित्येक टेकाडे निम्मीअधिक संपली. पुरातत्त्वाच्या दृष्टीने हे नुकसान खरे, पण त्याचबरोबर जुनी वस्ती नेमकी कोठे होती याची लोकस्मृती याच वापरामुळे टिकली, हेही नाकारता येत नाही. महसुली दप्तरातील 'बेचिराग' गावांची नोंद अशीच उपयोगी पडते. 1803-04 चा दुष्काळ, सैन्यांच्या स्वाऱ्या आणि पेंढाऱ्यांची लूट यांनी खानदेशातील असंख्य गावे ओस पडली होती आणि 1818 मध्ये इंग्रजांच्या हाती आलेला हा मुलूख मोठ्या प्रमाणावर उजाड होता. त्यातली काही गावे पुन्हा वसली, काही कायमची नांगराखाली गेली. आज ज्या गटात केळी किंवा कापूस उभा आहे, तो जुन्या गावनकाशावर गावठाण म्हणून दाखवलेला असू शकतो.

ज्ञात स्थळांच्या जागांवरून अज्ञात स्थळांच्या जागांचे गणित मांडण्याच्या पद्धतीला पूर्वानुमान प्रारूप म्हणतात. त्यामागचा विचार सोपा आहे. पाण्यापासूनचे अंतर, जमिनीचा उतार, मातीची जाडी, पुराची पातळी, दगड-चुन्याची उपलब्धता अशा गोष्टी माणसाच्या निवडीवर परिणाम करतात. म्हणून ज्ञात स्थळांभोवती या गोष्टी कशा आहेत हे मोजून तशीच परिस्थिती अन्यत्र कोठे आहे ते संगणकीय नकाशावर रंगवता येते. नेदरलँड्समध्ये 1997 मध्ये संपूर्ण देशासाठी असा सूचक नकाशा तयार झाला आणि नंतर त्याच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात रस्ते बांधणाऱ्या वाहतूक खात्यानेच 1990 च्या दशकात राज्यव्यापी प्रारूप उभे केले. कॅनडाच्या ऑन्टॅरिओ प्रांतातील नियमांत पाण्यापासून 300 मीटरच्या आतील जमीन अवशेषांची शक्यता असलेली मानली जाते. युरोपला याची निकड वाटण्यामागे 1992 चा व्हॅलेटा करार होता, ज्याने पुरातत्त्वाचा विचार नियोजनाच्या आरंभीच व्हावा असे तत्त्व घालून दिले.

अशा प्रारूपाचा चांगुलपणा मोजण्यासाठी केनेथ क्व्हामे या अमेरिकी अभ्यासकाने 1988 मध्ये सुचवलेले सूत्र आजही वापरले जाते. समजा, 'अधिक शक्यता' म्हणून रंगवलेल्या पट्ट्याने एकूण क्षेत्राचा 20 टक्के भाग व्यापला आणि 80 टक्के ज्ञात स्थळे त्यातच पडली, तर 20 ला 80 ने भागून येणारी संख्या एकातून वजा करायची; उत्तर 0.75 येते, आणि ते जितके एकाच्या जवळ तितके प्रारूप चांगले. पुरातत्त्वज्ञ या आकड्यावर खूष होतो. नियोजनकर्त्याने मात्र याच उदाहरणाची दुसरी बाजू पाहायला हवी: उरलेल्या 80 टक्के जमिनीत 20 टक्के स्थळे अजून आहेतच. तेथील स्थळांची घनता पहिल्या पट्ट्याच्या एकसोळांश एवढी कमी आहे, ही उपयुक्त माहिती खरी; पण 'कमी' या शब्दाचे सरकारी टिपणीत 'नाही' होण्यास फारसा वेळ लागत नाही.

आता प्रश्न असा की प्रारूपाला शिकवण्यासाठी वापरलेली ज्ञात स्थळे तरी निःपक्षपाती आहेत का. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची गावोगाव पाहणीची योजना जुनी आहे आणि तिचे निष्कर्ष 1953-54 पासून निघणाऱ्या वार्षिक आढाव्यात येत राहिले. पण पाहणी करणारा अभ्यासक स्वाभाविकपणे नदीकाठाने, टेकाडांच्या रोखाने आणि जिथे वाट आहे तिथेच गेला. नदीकाठी शोध घेतला, म्हणून नदीकाठी स्थळे सापडली; नदीकाठी सापडली, म्हणून प्रारूपाने नदीकाठ रंगवला; आणि प्रारूपाने रंगवला, म्हणून पुढची पाहणीही नदीकाठीच झाली. या चक्रातून बाहेर पडायचे तर जिथे काही मिळण्याची अपेक्षा नाही अशा जागाही मुद्दाम तपासाव्या लागतात. शिवाय तपासण्याची वेळही महत्त्वाची ठरते. उन्हाळ्यात नांगरट झाल्यावर, खरिपाच्या पेरणीआधी, काळ्या रानात पडलेली एखादी रंगीत खापरी दुरूनही दिसते. कापूस कमरेपर्यंत आल्यावर तेच रान शोधणाऱ्याला काहीही सांगत नाही, आणि वर्षभर उभ्या असलेल्या केळीच्या बागांत तर जमीन मोकळी अशी क्वचितच असते. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात खोलवर भेगाळते, त्या भेगांतून लहान वस्तू खाली जातात. म्हणजे वर काही नसणे हा खाली काही नसण्याचा पुरावा होत नाही.

खोलीचा हा मुद्दा खानदेशात सर्वांत निर्णायक आहे, आणि चाळीसगाव तालुक्यातील पाटणे हे त्याचे उत्तम उदाहरण. पाटणे म्हटले की लोकांना पाटणादेवीचे मंदिर आणि भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने 1207 मध्ये आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी स्थापन केलेल्या मठाचा शिलालेख आठवतो. परंतु याच गावाच्या परिसरात, अजिंठ्याच्या डोंगराच्या पायथ्याशी, शां. अ. साळी यांनी 1970 च्या दशकाच्या आरंभी केलेल्या उत्खननात गाळाच्या थरांतून उत्तर पुराश्मयुगातील दगडी पात्यांची हत्यारे आणि शहामृगाच्या अंड्याच्या कवचांचे तुकडे मिळाले, ज्यांपैकी एकावर कोरीव नक्षी आहे. त्यांचे वय सुमारे 25,000 वर्षे मानले जाते. त्या काळात या प्रदेशात शहामृग फिरत होते, ही गोष्ट स्वतंत्रपणेही आश्चर्याची आहे. नियोजनाच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की ताम्रपाषाणयुगीन वस्त्यांवरून बनवलेल्या प्रारूपाला पाटण्याच्या हत्यारांचा सुगावा लागणे शक्य नाही. शेतकऱ्यांची वस्ती आजच्या भूपृष्ठाजवळ असते, तर शिकाऱ्यांची हत्यारे कित्येक मीटर गाळाखाली. तापीच्या मैदानात एखादा गट वरच्या दोन मीटरांपुरता रिकामा असेल आणि त्याच्या खालच्या वाळू-गोट्यांच्या थरात लाखभर वर्षांपूर्वीची हातकुऱ्हाडही असू शकेल. रस्त्याच्या भरावाला पहिली माहिती पुरते, पुलाच्या पायाला किंवा खोल कालव्याला ती पुरत नाही. रिकामेपणाचा नकाशा म्हणून लांबी-रुंदीचाच असून भागत नाही, त्यावर खोलीही लिहावी लागते.

दुसरी अडचण कावठ्याने दाखवून दिली आहे. हे स्थळ विस्ताराने मोठे, पण वस्तीचा थर पातळ. खड्डे खणून त्यांवर आच्छादन घातलेली घरे, पक्क्या भिंतींचा अभाव, आणि एकंदर राहणी अर्धभटक्या पशुपालकांची. अशा वस्तीचे टेकाड बनत नाही. उपग्रहचित्रात ती उठून दिसत नाही आणि चार-पाच वेळा ट्रॅक्टरने खोल नांगरट झाली की तिचा थर मातीत मिसळून जातो. धुळे-साक्रीकडचे ठेलारी धनगर आजही मेंढरांसह मोसमागणिक फिरतात, आणि त्यांच्या मुक्कामाच्या जागी काही वर्षांनी काय उरेल याचा विचार केला की भटक्या समाजांचा भूतकाळ नकाशावर का उमटत नाही ते कळते. पाण्यापासून दूर, बरड, माळरान, म्हणून शासनाच्या लेखी 'पडीक' ठरणारी जमीन सौरप्रकल्पांसाठी पहिली निवडली जाते. आणि प्रारूपही तिला कमी शक्यतेच्या रंगात टाकते. शेती करणाऱ्याच्या नजरेला जे रिकामे दिसते तेच प्रारूपालाही रिकामे दिसावे, यात नवल नाही, कारण प्रारूप त्याच नजरेने शिकलेले असते. या पठारांवर सूक्ष्म दगडी हत्यारांचे विखुरलेले पुंजके, गुराख्यांचे गोठण किंवा वीरगळ नसतीलच असे गृहीत धरण्याआधी ती पायी तपासणे भाग आहे.

मग खात्रीने रिकामी म्हणता येईल अशी जमीन कोणती? सर्वांत भक्कम गट आहे तो आधीच खणून गेलेल्या जमिनीचा: मुरूम आणि दगडाच्या खाणी, वीटभट्ट्यांसाठी माती काढलेले खड्डे, कालव्यांचे खोल कापे, धरणांच्या भरावासाठी माती उचललेली क्षेत्रे. येथे अवशेष होते की नव्हते हा प्रश्न उरत नाही. जे असेल ते गेले. अशा जमिनीची यादी करणे तुलनेने स्वस्त आहे, कारण गौण खनिजांचे परवाने आणि पाटबंधाऱ्यांचे नकाशे सरकारजवळच असतात, आणि नवे प्रकल्प प्राधान्याने तेथे वळवणे हा सर्वांत कमी वादाचा मार्ग ठरतो. दुसरा गट नदीच्या चालू पात्राचा आणि दर पुरात उलथणाऱ्या अलीकडच्या वाळूचा. तेथे मूळ जागी टिकलेले अवशेष मिळण्याची शक्यता फार कमी, वाहून आलेल्या सुट्या वस्तू मात्र मिळू शकतात. तिसरा गट डाइकच्या आणि डोंगरांच्या उघड्या, मातीविरहित, तीव्र उताराच्या कातळाचा. बेसाल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा असल्याने त्याच्या पोटात मानवी अवशेष असणे अशक्यच, आणि वर माती नसल्याने पुरलेलेही काही नाही. पण लळिंग आणि भामेर हे किल्ले अशाच उंचवट्यांवर उभे आहेत आणि पाटण्याजवळच्या डोंगररांगेत पितळखोऱ्याची लेणी कड्यातच कोरलेली आहेत; त्यामुळे या गटाला 'पुरलेले काही नाही' एवढेच प्रमाणपत्र देता येते.

या तीन गटांबाहेरच्या जमिनीसाठी नमुना पाहणी करावी लागते, आणि तिच्या मर्यादा साध्या हिशेबानेही कळतात. पाहणी करणारे लोक एकमेकांपासून 50 मीटर अंतरावरच्या समांतर रेषांनी चालत असतील आणि एखादा खापऱ्यांचा पुंजका 20 मीटर व्यासाचा असेल, तर कोणाची तरी वाट त्या पुंजक्यावरून जाण्याची शक्यता 40 टक्केच असते. दहापैकी सहा पुंजके दोन माणसांच्या मधून निसटतात. अंतर 20 मीटरांवर आणले तर या आकाराचा पुंजका चुकत नाही, मात्र मनुष्यबळ अडीचपट लागते. चौकोन पाडून केलेल्या पाहणीतही असेच आहे. यदृच्छेने निवडलेले 60 चौकोन नीट तपासले आणि एकाही चौकोनात काही मिळाले नाही, तरी 95 टक्के खात्रीने एवढेच म्हणता येते की त्या प्रकारच्या जमिनीत अवशेष असलेल्या चौकोनांचे प्रमाण सुमारे 5 टक्क्यांहून अधिक नसावे. तीनला तपासलेल्या चौकोनांच्या संख्येने भागले की ही वरची मर्यादा मिळते. ती एक टक्क्यावर आणायची तर 300 चौकोन हवेत. रिकामेपणा सिद्ध होत नाही; त्याबद्दलची शंका पैसे आणि श्रम खर्चून लहान करत नेता येते, आणि ती किती लहान हवी हे प्रकल्पाच्या खोदाईवरून ठरवायचे असते.

कायद्याची चौकट या विचाराला अजून पुरेशी जागा देत नाही. 1958 चा केंद्रीय कायदा आणि महाराष्ट्राचा 1960 चा कायदा या दोहोंचा भर संरक्षित म्हणून जाहीर झालेल्या स्मारकांवर व स्थळांवर आहे. केंद्रीय कायद्यात 2010 मध्ये झालेल्या दुरुस्तीने संरक्षित सीमेपासून 100 मीटरचे प्रतिबंधित आणि त्यापुढे 200 मीटरचे नियंत्रित क्षेत्र ठरवले. थाळनेर येथील फारुकी सुलतानांची थडगी किंवा बळसाण्याची मंदिरे यांना त्याचे छत्र मिळते. जाहीर न झालेल्या पांढरीला, कोणी न पाहिलेल्या माळावरच्या पुंजक्याला किंवा गाळाखालच्या हत्यारांना अशा वर्तुळांचा उपयोग नाही, कारण वर्तुळ काढायला आधी केंद्रबिंदू माहीत असावा लागतो. मोठ्या धरणाआधी पुरातत्त्वाचे व्यापक काम करण्याची परंपरा आपल्याकडे नाही असे नाही. नागार्जुनकोंड्याचे 1954 ते 1960 या काळातील उत्खनन त्याची साक्ष आहे. पण तेथे काय बुडणार हे ठरून गेले होते आणि पुरातत्त्वज्ञ नंतर पोहोचले. रिकाम्या जमिनीचा नकाशा जागा ठरण्याआधी टेबलावर असेल तरच त्याचा खर्च वसूल होतो.

तो टेबलावर येईल तेव्हा त्यावर निदान चार रंग असावेत: अवशेष नष्ट झालेले निश्चित, तपासून काही न मिळालेले, प्रारूपानुसार शक्यता कमी पण न तपासलेले, आणि अजिबात माहिती नसलेले. प्रत्येक गटक्रमांकासमोर पाहणीचे वर्ष, महिना, त्या वेळी शेतात काय उभे होते, किती अंतराने चालले गेले आणि किती खोलीपर्यंत पाहिले गेले, हे लिहिलेले हवे. खोलीची माहिती मिळवण्यासाठी खानदेशात एक साधन तयारच आहे. जळगाव जिल्ह्याच्या केळी पट्ट्यात आणि गिरणा-पांझरेच्या काठांनी विहिरी दाट आहेत, आणि नवी विहीर खोदताना काळी माती, पिवळसर गाळ, कंकर, वाळू, गोटे आणि शेवटी खडक हे सारे थर एका उभ्या छेदात दिसतात. बांधकाम होऊन कठडा चढण्यापूर्वी तो छेद काही दिवसच उघडा असतो. तेवढ्या काळात थरांची जाडी मोजून, छायाचित्र घेऊन आणि बाहेर काढलेल्या मातीच्या ढिगात खापरी, राख किंवा घडवलेला दगड आहे का ते पाहून नोंद करण्याचे काम तालुक्याच्या महाविद्यालयातील इतिहास आणि भूगोल विभागांना सहज जमण्यासारखे आहे. ज्या विहिरीत काहीच मिळाले नाही तिची नोंदही तितक्याच काळजीने ठेवावी लागेल, कारण या नकाशासाठी अशाच विहिरी सर्वांत जास्त कामाच्या आहेत.